मोल्सवर्थ: गाव, आडनाव आणि कोश

जुन्या बखरीतला एखादा शब्द अडला, लावणीतली ओळ लागली नाही, किंवा कोकणातल्या एखाद्या जुन्या कागदात शेतीचे न ओळखू येणारे अवजार आले, की मराठीच्या अभ्यासकाला सल्ला मिळतो तो ‘मोल्सवर्थमध्ये बघा’ असा. ‘मोल्सवर्थच्या कोशात’ असे सहसा कोणी पूर्ण म्हणत नाही. १८३१ साली पहिल्यांदा छापलेला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा काढलेला मराठी-इंग्रजी कोश आणि त्याचा कर्ता जेम्स थॉमस मोल्सवर्थ, या दोघांना मिळून आपल्याकडे एकच नाव आहे. हे नाव मराठीत येऊन दोनशे वर्षे होत आली. तरी ते मुळात कुठले, त्याचा अर्थ काय, आणि आपल्याखेरीज ते आणखी कोणी कशाकशाला लावले, याची सलग चौकशी मराठीत माझ्या पाहण्यात आलेली नाही. पुढच्या पानांत ती केली आहे. कोशकाराचे चरित्र त्यात येते, पण एक प्रकरण म्हणून. विषय आहे ते नाव.

चौकशीची सुरुवात इंग्लंडमधल्या एका लहान गावापासून करावी लागते. पूर्व इंग्लंडमध्ये हंटिंग्डन नावाचे जुने शहर आहे, ऑलिव्हर क्रॉमवेलचे जन्मगाव. त्याच्या पश्चिमेला, शेतांच्या मधोमध मोल्सवर्थ हे खेडे वसले आहे. पूर्वी ते हंटिंग्डनशायर परगण्यात होते. १९७४ च्या फेररचनेनंतर केंब्रिजशायरमध्ये गेले. शेजारच्या ब्रिंग्टन गावाशी जोडून त्याचा कारभार चालतो. एक जुने दगडी चर्च, काही घरे आणि भोवताली गव्हाची शेते, एवढाच पसारा. गाव केवढेही असो, त्याच्या नावाची नोंद मात्र १०८६ सालापासून सापडते. विल्यम द कॉन्करर या नॉर्मन राजाने इंग्लंड जिंकल्यावर साऱ्या मुलखाची जमीन, नांगर, माणसे आणि वसूल यांची जी मोजदाद करवली, ती ‘डूम्सडे बुक’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात हे गाव ‘मोल्सवर्द’ असे लिहिलेले आहे.

या शेवटच्या ‘द’कडे नीट पाहायला हवे. नॉर्मन कारकून फ्रेंच वळणाने बोलणारे आणि लॅटिनमध्ये लिहिणारे होते. गावकरी नावाच्या शेवटी जो ध्वनी काढत, तो त्यांच्या भाषेत नव्हता. कानाला जे जवळचे वाटले ते त्यांनी लिहिले. म्हणजे डूम्सडेमधले रूप तसे पाहिले तर चुकीचे. पण एका परक्या माणसाने अकराव्या शतकात हे नाव कसे ऐकले, याचा तो थेट पुरावा आहे. इंग्लिश स्थलनामांचा अभ्यास अशाच रूपांवर उभा राहिला. जमिनीची दानपत्रे, करांच्या याद्या, न्यायालयांचे दप्तर, चर्चच्या वह्या, यांत एकाच गावाचे नाव पन्नास प्रकारे लिहिलेले असते. ती सगळी रूपे सालवार मांडली, की नावाची वाट दिसू लागते. ‘इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी’ ही संस्था १९२३ मध्ये स्थापन झाली आणि तिने परगण्यांचे खंड काढायला घेतले. बेडफर्डशायर आणि हंटिंग्डनशायरचा खंड १९२६ मध्ये निघाला. ॲलन मॉर आणि फ्रँक स्टेंटन हे त्याचे संपादक. आजच्या उच्चारावरून अर्थ लावायचा नाही, सर्वांत जुन्या रूपावरून लावायचा, ही शिस्त या पिढीने पक्की केली.

ती शिस्त नसती तर मोल्सवर्थचा अर्थ भलताच लागला असता. आजच्या इंग्रजीत ‘मोल’ म्हणजे जमिनीखाली बोगदे पोखरणारा छोटा प्राणी, आणि ‘वर्थ’ म्हणजे किंमत. दोन्ही शब्द ओळखीचे, आणि दोन्ही इथे गैरलागू. गावाच्या नावातला ‘मोल’ हा जुन्या इंग्लिशमधल्या ‘मूल’ या पुरुषनामाचा अवशेष आहे, मधला ‘स’ षष्ठीचा आहे, आणि ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, वस्ती, वाडी. एकूण अर्थ मूल नावाच्या माणसाची वाडी.

हा मूल कोण, हे सांगणारा एकही कागद नाही. त्याचे नाव मात्र बोलके आहे. ‘मूल’ म्हणजे खेचर. दोन वंशांच्या संबंधातून जन्मलेल्या माणसाला हे टोपणनाव म्हणून मिळत असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या नावाचा एक माणूस इतिहासात ठळक आहे. वेसेक्सचा राजा केडवाला याचा भाऊ मूल हा केंटवर राज्य करू लागला आणि ६८७ मध्ये केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारले. त्या हत्येची भरपाई त्यांना सात वर्षांनी, ६९४ मध्ये, वेसेक्सचा पुढचा राजा इने याला द्यावी लागली. केडवाला हे नाव मूळ ब्रिटन लोकांच्या भाषेतले आणि भावाचे नाव ‘मूल’. तेव्हा या राजघराण्यात सॅक्सन आणि ब्रिटन रक्त मिसळलेले असावे, असे काही इतिहासकार म्हणतात. हंटिंग्डनशायरचा मूल हा तो राजा नव्हे. त्या काळात हे नाव माणसांना ठेवले जात होते आणि राजाच्या भावालाही ते शोभत होते, एवढे मात्र यावरून सिद्ध होते.

हे नाव इतरही ठिकाणी जमिनीवर उमटले आहे. लंडनजवळ टेम्सकाठी मोल्सी आहे. ते मूलचे बेट. तिथे टेम्सला मिळणारी नदी आज ‘मोल’ म्हणून ओळखली जाते. नदीवरून गावाला नाव मिळाले असेल असे कुणालाही वाटेल. बहुतेक अभ्यासकांच्या मते घडले ते उलट. गावाच्या नावाचा अर्थ विसरला गेला, लोकांनी त्याची फोड ‘मोलवरचे बेट’ अशी केली आणि त्या फोडीतून नदीचे नाव निघाले. गावावरून नदी! समजुतीतून तयार झालेले नावही पुढे नकाशावर तेवढेच खरे ठरते, हे या नदीने मला शिकवले.

‘वर्थ’चा पसारा तर खूपच मोठा आहे. टॅमवर्थ, वाँड्सवर्थ, आयलवर्थ, केनिलवर्थ, बटरवर्थ. या वाड्यांच्या नावांत बहुधा मालकाचे नाव असते. केनिलवर्थ ही किनेहिल्ड नावाच्या बाईची वाडी, आणि तिच्याविषयी दुसरे काहीही ठाऊक नसताना तिचे नाव हजार वर्षे टिकले आहे. कवी वर्ड्‌स्वर्थचे आडनाव यॉर्कशायरमधल्या वॉड्‌सवर्थ या गावावरून आले. शब्दांचा आणि त्याचा संबंध कवितेपुरताच.

गावाचे आडनाव कसे झाले, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. पैठणात राहणाऱ्याला कोणी पैठणकर म्हणत नाही. तो गाव सोडून दुसरीकडे गेला की पैठणकर होतो. तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडमध्ये नेमके हेच चालले होते. गाव सोडलेला माणूस कागदावर ‘मोल्सवर्थचा अमुक’ म्हणून येई, आणि दोन-तीन पिढ्यांनी मधला प्रत्यय गळून आडनाव उरे. पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात वॉल्टर द मोल्सवर्थ नावाचा सरदार बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचा शेरीफ होता. पुढचे बडे मोल्सवर्थ आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेतात. एवढ्याशा गावातून निघालेली माणसे थोडी, म्हणून आडनावही दुर्मिळ राहिले. स्मिथ किंवा टेलर यांसारखी धंद्यांची आडनावे गावोगाव स्वतंत्रपणे निर्माण झाली; मोल्सवर्थ एकाच ठिकाणी निर्माण होऊ शकत होते. दुर्मिळ आडनावाच्या अभ्यासाचा मोठा फायदा हाच. त्याचा माग काढता येतो.

माग काढला तर दोन मोठ्या शाखा दिसतात, एक कॉर्नवॉलमध्ये आणि दुसरी आयर्लंडमध्ये. कॉर्नवॉलच्या शाखेचे घर पेंकॅरो. तिथल्या हेंडर मोल्सवर्थला १६८९ मध्ये बॅरोनेटपद मिळाले. त्याआधी तो जमैकाचा हंगामी गव्हर्नर होता, आणि आफ्रिकेतून माणसे पकडून आणून विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला प्रतिनिधीही. घराण्याच्या वैभवाचे वर्णन करताना हे वाक्य गाळले जाऊ नये, असे मला वाटते. हे नाव सातासमुद्रापार पहिल्यांदा मोठे झाले ते गुलामांच्या व्यापारात.

आयर्लंडचा रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५) अगदी वेगळ्या धातूचा. तो इंग्लंडचा वकील म्हणून डेन्मार्कला गेला. तिथे १६६० नंतर राजाने सगळी सत्ता आपल्या हाती घेतली होती. परतल्यावर त्याने डेन्मार्कच्या स्थितीवर पुस्तक लिहिले. स्वतंत्र लोक आपले स्वातंत्र्य किती सहज गमावतात, हा त्याचा विषय होता, आणि अनियंत्रित राजसत्तेच्या विरोधकांनी ते पुस्तक पुढे कितीतरी वर्षे वाचले. १७१६ मध्ये तो व्हायकाउंट झाला. जोनाथन स्विफ्टने आपल्या गाजलेल्या ‘ड्रेपियर’ पत्रांपैकी एक त्याला उद्देशून लिहिले. डब्लिनमधली या घराण्याची जमीन अठराव्या शतकात शहरात आली आणि तिथे मोल्सवर्थ स्ट्रीट आखला गेला. त्या रस्त्याच्या टोकाला लेन्स्टर हाउस आहे. १९२२ पासून आयर्लंडची संसद तिथे भरते.

योगायोग असा, की न्यूझीलंडची संसदही मोल्सवर्थ स्ट्रीटवरच आहे. वेलिंग्टनमधल्या त्या रस्त्याचे नाव दुसऱ्या शाखेकडून आले आहे: पेंकॅरोचा आठवा बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) याच्याकडून. या माणसावर मी पुढे एक संपूर्ण प्रकरण खर्च केले आहे. तो बाविसाव्या वर्षी संसदेत गेला. टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाचे समग्र लेखन त्याने संपादित करून छापले: इंग्रजीचे अकरा खंड आणि लॅटिनचे पाच. गुन्हेगारांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष होता. समितीने १८३८ च्या अहवालात ती पद्धत निषेधार्ह ठरवली आणि न्यू साउथ वेल्सकडे जाणारी कैद्यांची जहाजे १८४० मध्ये थांबली. त्याच वेळी तो न्यूझीलंड कंपनीचा संचालकही होता, आणि या कंपनीने माओरींच्या भूमीवर गोऱ्यांच्या वसाहती उभ्या केल्या. त्याचा भाऊ फ्रान्सिस वेलिंग्टनच्या पहिल्या वसाहतकऱ्यांत होता. कैद्यांचा कैवार आणि माओरींच्या जमिनीवरचा हक्क, दोन्ही एकाच माणसात नांदत होते. १८५५ मध्ये तो वसाहतींचा मंत्री झाला आणि काही महिन्यांतच वारला.

त्याच्या बागेची एक आठवण इथेच सांगतो, कारण ती नामकरणाचीच आहे. पेंकॅरोच्या बागेत त्याने दक्षिण अमेरिकेतून आलेले एक दुर्मिळ झाड लावले होते, सर्व बाजूंनी टोकदार कठीण पानांचे. चार्ल्स ऑस्टिन नावाच्या त्याच्या वकील मित्राने ते पाहिले आणि यावर चढताना माकडही बुचकळ्यात पडेल, असे काहीसे उद्गार काढले. इंग्रजीत त्या झाडाला आजही ‘मंकी पझल’ म्हणतात.

वसाहतींच्या नकाशावर हे नाव आणखी पसरले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि टास्मानिया या दोन्ही राज्यांत मोल्सवर्थ नावाची ठिकाणे आहेत. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे मोल्सवर्थ स्टेशन हे त्या देशातले सर्वांत मोठे शेत आहे. एक लाख ऐंशी हजार हेक्टरहून मोठे. सशांनी, बर्फाने आणि अति चराईने ती जमीन उजाड झाल्यावर १९३८ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. मूळ अर्थाने मोल्सवर्थ म्हणजे एका माणसाची कुंपणातली वाडी. इथे त्याच नावाखाली डोंगररांगा येतात.

मूळ गाव जगाच्या नजरेत आले ते विसाव्या शतकात, आणि युद्धामुळे. गावाशेजारी विमानतळ झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाची ३०३ वी बॉम्बफेकी तुकडी तिथे होती आणि तिची विमाने जर्मनीवर हल्ले करायला इथूनच उडत. १९८० च्या दशकात त्याच तळावर अण्वस्त्रे वाहणारी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवायचे ठरले, तेव्हा शांततावादी लोकांनी बाहेर मुक्काम ठोकला. त्यांनी तिथे छोटे प्रार्थनागृह बांधले. १९८५ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत सुमारे दीड हजार लष्करी अभियंते आणून त्यांना हटवण्यात आले आणि तळाभोवती तारांचे कुंपण उभे राहिले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९८७ चा करार झाल्यावर क्षेपणास्त्रे परत गेली. त्या वर्षांत इंग्लंडमध्ये मोल्सवर्थ म्हटले की कुणाला आडनाव आठवत नसे. आठवे ते कुंपण आणि थंडीत उभे असलेले लोक. वापर नावाचा अर्थ कसा बदलतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

साहित्यातले मोल्सवर्थ दोन. मुलांसाठी ‘द कुकू क्लॉक’ (१८७७) लिहिणाऱ्या मेरी लुइसा मोल्सवर्थ यांना इंग्रजी वाचक ‘मिसेस मोल्सवर्थ’ म्हणूनच ओळखतात. दुसरा काल्पनिक: जेफ्री विलन्स यांनी निर्माण केलेला आणि रोनल्ड सर्ल यांनी चितारलेला शाळकरी पोरगा नायजेल मोल्सवर्थ. ‘डाउन विथ स्कूल!’ हे त्याचे पहिले पुस्तक १९५३ चे. त्याची ख्याती अशुद्धलेखनाची आहे. एकही वाक्य तो धड लिहीत नाही, आणि त्याची ती चुकीची स्पेलिंगे इंग्रजांना तोंडपाठ आहेत.

आता पुस्तक झालेली दोन माणसे. गिल्फर्ड मोल्सवर्थ हा अभियंता सिलोनच्या रेल्वेवर काम करून पुढे हिंदुस्थान सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार झाला. अभियंत्यांना लागणाऱ्या सूत्रांचे आणि कोष्टकांचे त्याचे खिशात मावणारे पुस्तक १८६० च्या दशकापासून आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिले, आणि ब्रिटिश अमलाखालच्या देशांतले अभियंते त्याला नुसते ‘मोल्सवर्थ’ म्हणत. दुसरा आपला कोशकार. एका दुर्मिळ आडनावाचे दोनदा पुस्तक व्हावे आणि दोन्ही वेळा त्यात हिंदुस्थानचा भाग असावा, ही मला या साऱ्या हकिगतीतली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ १७९५ मध्ये जन्मला आणि कोवळ्या वयात, १८१२ मध्ये, कंपनीच्या लष्करात दाखल होऊन मुंबई इलाख्यात आला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकारी शास्त्र्यांनी सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये छापला जाऊ लागला. त्याच उपक्रमातून, त्याच शब्दसंग्रहावर मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश उभारला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ त्याचे साथीदार. पहिल्या आवृत्तीत सुमारे चाळीस हजार शब्द होते, दुसरीत साठ हजार. प्रकृती ढासळल्याने तो १८३६ मध्ये मायदेशी गेला, आणि इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरा केला. मोल्सवर्थ १८५१ मध्ये खास दुसऱ्या आवृत्तीसाठी परत आला. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे निधन झाले. शिष्टांचा शब्द आणि गावंढळांचा शब्द यांत त्याने पंक्तिभेद केला नाही. शेतातला, बाजारातला, बायकांच्या बोलण्यातला शब्द त्याने घेतला. म्हणून पेशवाई संपतानाची बोलती मराठी आज आपल्याला त्याच्या पानांत सापडते. क्रमवंतशास्त्री आणि त्यांचे सहकारी यांची नावे मात्र कोशाच्या नावात आली नाहीत. ती आपण आवर्जून घेत राहिले पाहिजे.

बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये या कोशाचा संक्षेप केला. १९७५ मध्ये पुण्यात मूळ कोशाचे शुद्ध पुनर्मुद्रण झाले, आणि आज तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही चाळता येतो.

या सगळ्या प्रवासात मराठी माणसांनी हे नाव आपल्या तोंडाप्रमाणे घडवले. त्या काळचे लोक त्याला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत. पुढे मोलस्वर्थ, मोल्स्वर्थ, मोलेसवर्थ, मोल्सवर्थ अशी रूपे छापली गेली. डूम्सडेच्या कारकुनाने जे केले तेच आपण आठशे वर्षांनी केले. परके नाव कानाने ऐकले आणि आपल्या लिपीत बसवले. इंग्लिश अभ्यासकांनी अकराव्या शतकातले ‘मोल्सवर्द’ चूक म्हणून खोडले नाही, म्हणून नावाचा उगम हाती लागला. ‘मोलेसर’लाही तोच मान मिळायला हवा. नावाच्या इतिहासाचा तो मराठी भाग आहे, आणि तो आपल्याखेरीज दुसरे कोणी लिहिणार नाही.

या कामात मला सर्वांत जाणवलेली उणीव याच ठिकाणी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मोडी पत्रांत, शाळाखात्याच्या कागदांत, शास्त्र्यांच्या घरच्या दप्तरांत, जुन्या प्रतींच्या समासांत हे नाव कितीतरी प्रकारे लिहिलेले असणार. वाचकांना विनंती आहे, की असा एखादा कागद घरी किंवा गावच्या ग्रंथालयात आढळला, तर त्यावरचे रूप जसे असेल तसे, काना-मात्रा न सुधारता, सालासकट उतरवून ठेवावे आणि मूळ कागद जपावा.